इंजिनाचं नाक

एक लिटर पेट्रोल जाळायला किती हवा लागते? गाडीवेड्या तरुणांच्या घोळक्यात मी एकदा हा प्रश्न टाकला होता. कुणी म्हणालं दहा लिटर, कुणी म्हणालं शंभर. एकानं भीत भीत हजारापर्यंत मजल मारली. खरा आकडा आहे सुमारे नऊ हजार लिटर! हिशेब सोपा आहे. पेट्रोल नीट जळायचं तर त्याच्या वजनाच्या जवळजवळ पंधरापट, नेमकं सांगायचं तर १४.७ पट, हवा लागते. लिटरभर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे हवा झाली अकरा किलो, आणि अकरा किलो हवा म्हणजे नऊ घनमीटर. एखादी छोटी खोली भरेल इतकी.

पेट्रोलचे पैसे मोजावे लागतात, म्हणून त्याचा थेंबन् थेंब आपल्या लक्षात राहतो. हवा फुकट, म्हणून तिची आठवण कुणाला होत नाही. पण या हवेबरोबर रस्त्यावरची धूळही इंजिनाच्या पोटात जायला बघते. तिला दारातच अडवायचं, आणि हवेला मात्र अडवायचं नाही, हे काम एअर फिल्टरचं. आपल्या नाकाचंच काम म्हणा ना! हे नाक बदलून गाडीला जास्त ताकद देण्याचा उद्योग जगभर चालतो. त्यामागचा इतिहास बघायला गेलं तर वाट थेट दुसऱ्या महायुद्धातल्या इजिप्तच्या वाळवंटात जाते. म्हणून आज गोष्ट सांगायची आहे ती दोन ‘स्पिटफायर’ची. एक विमान, दुसरी मोटार.

सुरुवातीच्या मोटारींना नाक नव्हतंच. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं निघत राहिली, पण कारखान्यातून बाहेर पडताना तिला एअर फिल्टर नसायचा. कार्बोरेटरचं तोंड उघडं. रस्ते मातीचे, पुढे जाणाऱ्या बैलगाडीची धूळ सरळ इंजिनात. धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात आणि साध्या लोखंडापेक्षा ते कठीण असतात. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असतो. त्यात हे कण मिसळले की त्याची पॉलिशपेपरसारखी लुगदी होते. पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली होत ती लुगदी भिंतीवर घासत राहतो. रिंगा झिजतात, गाडी तेल खाते, निळा धूर मारायला लागते, आणि मग मिस्त्री सांगतो, “साहेब, इंजिनकाम निघालं.”

यावर पहिला चांगला तोडगा निघाला तो तेलाच्या भांड्याचा. हवा भांड्यात वरून खाली उतरवायची आणि तेलाच्या पृष्ठभागाजवळ तिला एकदम उलटं वळवायचं. हवा हलकी, ती वळते. धुळीचा कण जड, तो वळू शकत नाही आणि तेलात पडतो. महायुद्धातल्या जीपला असाच ‘ऑइल बाथ’ एअर क्लीनर होता. जीपला तो शोभला, कारण तिला शर्यत जिंकायची नव्हती. पण जिथे ताशी चार-पाच मैलांच्या फरकावर माणसाचा जीव टांगलेला असतो, तिथे काय करायचं?

हा प्रश्न १९४२ साली ब्रिटिश हवाई दलापुढे उभा राहिला. स्पिटफायर हे लढाऊ विमान इंग्लंडच्या हिरव्या धावपट्ट्यांवर वाढलेलं. त्याच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला बारा सिलिंडर आणि आकारमान २७ लिटर. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर श्वास घेतं. म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना या इंजिनाला चाळीस हजार लिटरांहून अधिक हवा लागणार. त्यात हवा कोंबून भरणारा सुपरचार्जर होता, तो निराळाच. हवा घेण्याचं तोंड विमानाच्या पोटाखाली, आणि पुढे पंखा जमिनीवरची माती उधळतोय. हे विमान माल्टा बेटावर आणि इजिप्तच्या वाळवंटात पाठवायचं तर फिल्टर हवाच.

फिल्टर बसवण्यात आला तो ‘व्होक्स’ कंपनीचा. मोठा, भारदस्त. तो मावावा म्हणून विमानाच्या हनुवटीखाली एक फुगीर खोकं बसवावं लागलं. ७ मार्च १९४२ रोजी ‘ईगल’ या विमानवाहू जहाजावरून उडून पंधरा स्पिटफायर माल्टावर उतरली, त्यांना अशीच हनुवटी होती. इंजिन धुळीपासून वाचलं खरं, पण त्याची किंमत दोनदा मोजावी लागली. एकतर हवा फिल्टरमधून ओढून घ्यायला इंजिनाला जोर पडला, आणि दुसरं म्हणजे त्या फुगवट्याला वाऱ्याचा विरोध वाढला. वेग घटला, वर चढण्याचा दरही घटला. समोर जर्मनांची मेसरश्मिट १०९. वैमानिकाच्या दृष्टीनं हा काही कागदावरचा हिशेब नव्हता. पाठीमागे लागलेला शत्रू टप्प्यात येतो की मागे पडतो, ते या फरकावर ठरायचं.

अशा वेळी माणसाला काय सुचेल? काढून टाका तो फिल्टर! पण मग काही उड्डाणांतच इंजिन भंगारात. अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर इथे हवाई दलाचा दुरुस्ती तळ होता, १०३ क्रमांकाचा. तिथल्या कारागिरांनी फिल्टर काढला नाही, नवा घडवला. आकारानं लहान, विमानाच्या पोटाला अंग चोरून बसणारा. हाच पुढे ‘अबुकीर फिल्टर’ म्हणून ओळखला गेला. कारखान्यानं दिलेला भाग उतरवून त्या जागी बाहेर बनवलेला जास्त चांगला भाग बसवायचा, यालाच आज मोटारींच्या बाजारात ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात. अबुकीरच्या कारागिरांनी तेच केलं होतं, फक्त ते दुकानात विकायला ठेवलं नव्हतं.

पुढच्या स्पिटफायरमध्ये आणखी शहाणपण आलं. धूळ असते जमिनीलगत. वीस हजार फुटांवर कुठली धूळ? म्हणून नव्या रचनेत फिल्टर मूळ बांधणीतच बसवला आणि वैमानिकाच्या हाताशी एक दांडा दिला. जमिनीवर, उड्डाण करताना आणि उतरताना हवा फिल्टरमधून. वर गेल्यावर सरळ. पहारा जिथे हवा तिथे कडक, नको तिथे सैल. माझ्या मते फिल्टरच्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा धडा आहे.

आता दुसरी स्पिटफायर. १९६२ साली इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीनं एक छोटी, उघड्या टपाची, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली आणि तिला त्या विमानाचं नाव दिलं. तिचं रूप रेखाटलं होतं इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. इंजिन अवघं ११४७ सीसी, ताकद ६३ अश्वशक्ती. ही गाडी परकी वाटत असेल तर तिच्या थोरल्या बहिणीची आठवण करून देतो. ट्रायम्फ हेराल्डच्या सांगाड्यावरूनच ती घडली, आणि हीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावानं बनत होती. पुण्या-मुंबईच्या जुन्या रहिवाशांना ती नक्की आठवत असेल.

विमानाचं आणि मोटारीचं नातं नुसतं नावाचं नव्हतं. दोघांना कार्बोरेटर होते ते ‘एस. यू.’ याच घराण्याचे. एस. यू. म्हणजे स्किनर्स युनियन. त्याचा जनक जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा लंडनच्या जोडे बनवणाऱ्या घरातला. त्यामुळेच की काय, त्याच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता! पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिन जितकी हवा ओढेल तितका हा पिस्टन वर उचलला जातो. त्याला खाली लावलेली निमुळती सुई तितकीच वर सरकते आणि तितकंच पेट्रोल सुटतं. हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण सांभाळणारी ही साधी, देखणी युक्ती.

ट्रायम्फच्या दोन कार्बोरेटरांवर कारखान्याचा फिल्टर एका पत्र्याच्या डब्यात असे. शर्यतवाले तो डबा उतरवून कार्बोरेटरला तुतारीच्या तोंडासारख्या उघड्या नळ्या लावत. हवा वळसे न घेता आत जाई आणि आवाजही तुतारीसारखाच निघे. शर्यतीचं इंजिन एका हंगामापुरतं. पुढे उघडून बांधायचंच असे. पण रविवारी शर्यतीत पळून सोमवारी कामावर जाणाऱ्या गाडीला ते कसं परवडणार? तिला हवं होतं अबुकीरसारखं काहीतरी.

ते मिळालं अमेरिकेतून. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डोनाल्ड यांचं मोटारसायकलींचं दुकान होतं. १९६९ मध्ये त्यांनी शर्यतीच्या मोटारसायकलींसाठी एक फिल्टर तयार केला: जखमेवर बांधतात तसल्या विरळ सुती कापडाचे थर, तारेच्या जाळीत धरून चुण्या घातलेले आणि वरून तेल दिलेले. कापड विरळ म्हणून हवा मोकळी. तेल चिकट म्हणून धूळ अडकते. मळला की धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेल द्यायचं. दोघांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं ‘के अँड एन’. बघता बघता तो मोटारींमध्येही शिरला.

तो बसवायचा कसा? वरवर पाहता अर्ध्या तासाचं काम. डबा सोडा, नवे फिल्टर चढवा, बोल्ट आवळा. पण एस. यू. कार्बोरेटरच्या तोंडाशी दोन बारीक भोकं असतात. पिस्टन उचलला जावा म्हणून बाहेरच्या हवेचा दाब तिथून आत पोचतो. नवा गॅस्केट उलटा बसला आणि भोकं झाकली गेली, की पिस्टन वर उचललाच जात नाही. गाडी गुरगुरते, पळत नाही; आणि बिचारा मालक फिल्टरला शिव्या देतो. दुसरी गोष्ट सुईची. हवेची वाट मोकळी झाली की सुईच्या जुन्या मापानं मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. असं इंजिन तापतं. अती झालं तर पिस्टन वितळेपर्यंत मजल जाते. म्हणून सुई बदलायची, गाडी पळवून प्लग काढून बघायचे. टोक पांढरंफटक दिसलं तर पेट्रोल कमी, काळंकुट्ट दिसलं तर जास्त, तपकिरी असेल तर बेतात. एक भाग बदलला की शेजारच्या तिघांना विचारावं लागतं, हे त्या पिढीचे मिस्त्री जाणून होते.

नंतर कार्बोरेटर गेले, इंजेक्शन आलं. सुईचं काम संगणक करू लागला. कागदाच्या घड्यांचा फिल्टरही चांगलाच सुधारला. पण उघडा, शंकूसारखा फिल्टर बॉनेटखाली लावायची हौस कायम आहे. गाडीचा आवाज बदलतो आणि मालकाला वाटतं, पिकअप वाढला. प्रत्यक्षात काय होतं? बाहेर तीस अंश तापमान असताना बॉनेटखाली साठ अंश सहज असतं. तीसच्या जागी साठ अंशांची हवा घेतली तर तेवढ्याच आकारात ती नऊ टक्के कमी भरते. कानाला ताकद वाढलेली, चाकाला घटलेली! बरं, गार हवेसाठी नळी खाली बंपरपर्यंत नेली, तर मुंबईच्या पावसात तीच नळी रस्त्यावरचं पाणी ओढते. पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा दांडा वाकतो. फिल्टरला हात सैल सोडून तेल दिलं, तर ते हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर जाऊन बसतं आणि संगणकाचाच हिशेब चुकतो.

पेट्रोल वाचतं म्हणावं, तर अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली तपासून पाहिलं. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये तुंबलेला फिल्टर बदलूनही अ‍ॅव्हरेजमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही. पिकअप मात्र सुधारला. कारण उघड आहे. रोजच्या चालवण्यात हवा अडवतो तो थ्रॉटल, आपल्याच पायानं. फिल्टर आड येतो तो पाय पूर्ण दाबल्यावर.

मग फिल्टर बदलूच नये का? जरूर बदलावा, पण अबुकीरच्या कारागिरांसारखा. फिल्टर किती धूळ अडवतो आणि हवेला किती अडवतो, या दोन्हींची चाचणी ‘आयएसओ ५०११’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते, ठरावीक मापाच्या धुळीनं. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली धूळ त्यासाठी वर्षानुवर्षं वापरली गेली. विकणाऱ्यानं अश्वशक्तीचा आकडा सांगितला, की त्याला धुळीचाही आकडा विचारावा. तो सांगता आला नाही, तर आपला जुना डबा काय वाईट आहे?

वाळवंटातल्या त्या माणसांकडे फिल्टर फेकून देण्याचं सबळ कारण होतं. रोज समोर शत्रू होता आणि वेग कमी पडत होता. तरीही त्यांनी तो फेकला नाही, कारण परत आलेल्या विमानानं उद्या पुन्हा उडायला हवं होतं. आपल्या गाडीनंही उद्या पुन्हा निघावं, एवढीच तर आपली अपेक्षा असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)