मुंबईतील सॉलिसिटर पेढ्यांचा आकार आणि नवोदित वकिलापुढील निवड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विधी शाखेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज एक प्रश्न उभा राहतो : मोठ्या पेढीत प्रवेश घ्यावा की मध्यम आकाराच्या? हा प्रश्न बहुधा वेतन व प्रतिष्ठा यांच्या अंगाने चर्चिला जातो. परंतु 'मोठी पेढी' ही संकल्पनाच भारतात अलीकडची आहे आणि तिला कायद्याने घडविलेला इतिहास आहे, याकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत निबंधात मुंबईच्या संदर्भात या इतिहासाचा आढावा घेऊन नवोदित वकिलाच्या निवडीचे स्वरूप कसे बदलत गेले, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

द्विस्तरीय पद्धती आणि पेढ्यांचा उदय

मुंबईत १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय, १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. उच्च न्यायालयाच्या दोन शाखा होत्या. मुंबई शहरातील दावे मूळ शाखेत चालत, तर जिल्ह्यांतून येणारी अपिले अपील शाखेत. मूळ शाखेत इंग्लंडच्या धर्तीवर द्विस्तरीय पद्धती होती. पक्षकाराने प्रथम सॉलिसिटरकडे, म्हणजेच ॲटर्नीकडे जावयाचे. सॉलिसिटरने कागदपत्रे तयार करून बॅरिस्टरला ब्रीफ द्यावयाचे. न्यायाधीशांपुढे युक्तिवाद बॅरिस्टरने करावयाचा. पक्षकाराची ओळख, व्यापारी घराण्यांशी संबंध आणि कामाचे वाटप ही तिन्ही सूत्रे त्यामुळे सॉलिसिटर पेढ्यांच्या हाती एकवटली.

क्रॉफर्ड बेली (१८३०), लिटल आणि कंपनी (१८५६), वाडिया गांधी (१८८३) या त्या काळातील प्रमुख पेढ्या होत. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी १८९४ मध्ये अस्तित्वात आली. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी करून परीक्षा द्यावयाची, हा शिरस्ता रूढ झाला. या पेढ्या नावाने मोठ्या असल्या तरी भागीदारांच्या संख्येने लहानच होत्या. नवोदिताच्या दृष्टीने महत्त्व पेढीच्या आकाराला नव्हते; कोणाच्या हाताखाली जागा मिळते, याला होते.

निवड कोणाची?

अपील शाखेत आणि मोफसलच्या न्यायालयांत वकिलाला सॉलिसिटरच्या मध्यस्थीवाचून काम मिळू शकत असे. विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्यांनी याच क्षेत्रात लौकिक मिळविला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विलायतेस न जाता परीक्षा देऊन १८७२ मध्ये मूळ शाखेत प्रवेश केला आणि १८८९ मध्ये ते न्यायाधीश झाले. परंतु गुणवत्ता असलेल्या प्रत्येकाला हा मार्ग खुला होता, असे म्हणता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण या दृष्टीने निर्णायक आहे. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन त्यांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला. कोलंबिया आणि लंडन येथील उच्च पदव्या असूनही सॉलिसिटरांकडून ब्रीफ मिळणे त्यांना दुरापास्त झाले. पेढ्यांचे जाळे जात, नाते आणि व्यापारी परिचय यांवर विणलेले होते. परिणामी त्यांच्या वकिलीचा भर अपील शाखा व मोफसल येथील कामावर राहिला. बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवूनही त्यांना अर्थार्जन करावे लागले. निवड ही नेहमीच निवडणाऱ्याच्या हाती नसते, हे यावरून स्पष्ट होते.

वीस भागीदारांची मर्यादा

स्वातंत्र्योत्तर काळात ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ मध्ये संमत झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने १९७७ च्या आरंभापासून ॲटर्नींचा वेगळा वैधानिक वर्ग संपुष्टात आला. सॉलिसिटरची परीक्षा व उमेदवारी मात्र मुंबईत टिकून राहिली. पेढ्यांच्या आकारावर याहून खोल परिणाम दुसऱ्याच एका तरतुदीने केला. कंपनी कायदा १९५६ च्या कलम ११ अन्वये नफ्यासाठी चालणाऱ्या भागीदारीत वीसपेक्षा अधिक व्यक्ती असू शकत नव्हत्या. १९१३ च्या कायद्यातही हीच मर्यादा होती. इंग्लंडने १९६७ मध्ये सॉलिसिटरांना या मर्यादेतून मुक्त केले. भारतात ती कायम राहिली.

या मर्यादेचा अर्थ सरळ होता. पेढी कितीही वाढली तरी भागीदारीच्या जागा वीसच. त्या जागा संस्थापक कुटुंबांपुरत्या राहिल्या, तर बाहेरून आलेल्या कनिष्ठ वकिलास वर जाण्याचा मार्ग अरुंद होत असे. याउलट न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रवाथ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जी पद्धती रूढ केली, तिच्यात उत्तम पदवीधर निवडणे, त्यांना निरनिराळ्या भागीदारांच्या हाताखाली फिरविणे आणि ठरावीक काळानंतर भागीदारी देणे किंवा निरोप देणे, असा क्रम होता.

१९९१ नंतरचे परिवर्तन

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर विदेशी गुंतवणूक, भांडवल बाजार आणि कंपन्यांचे विलीनीकरण यांचे काम वाढले. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात १९८८ पासून सुरू झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाने पेढ्यांना नवा पदवीधर वर्ग मिळवून दिला. मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम २००८ मध्ये संमत होऊन २००९ मध्ये लागू झाला आणि त्यात भागीदारांच्या संख्येस कमाल मर्यादा ठेवली गेली नाही. पुढे कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४६४ ने विशेष कायद्यांखालील व्यावसायिकांच्या भागीदारीस संख्येच्या बंधनातून वगळले. शंभराहून अधिक भागीदार असलेल्या पेढ्या त्यानंतर भारतात उभ्या राहिल्या. आज ज्या अर्थाने 'मोठी' आणि 'मध्यम' असा भेद केला जातो, तो याच कालखंडाची निर्मिती होय.

तथापि आकार म्हणजे स्थैर्य नव्हे. १९१७ मध्ये स्थापन झालेली अमरचंद मंगलदास ही देशातील अग्रगण्य पेढी २०१५ मध्ये कुटुंबातील दोन बंधूंमध्ये विभागली गेली. मोठ्या पेढीतही कौटुंबिक मालकीचा प्रश्न निर्णायक ठरू शकतो, हे त्यातून दिसले. दुसरीकडे, बार कौन्सिलच्या नियम ३६ अन्वये वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली, एवढेच. म्हणून पेढ्यांविषयीची खरी माहिती ओळखीपाळखीतूनच फिरते आणि घरात पहिल्यांदाच वकिलीकडे वळलेला विद्यार्थी तिच्यापासून वंचित राहतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की पेढीचा आकार ही निवडीची अपुरी कसोटी आहे. द्विस्तरीय पद्धतीत काम कोण देतो हा प्रश्न होता. वीस भागीदारांच्या काळात वर जाण्याची वाट खुली आहे का, हा होता. आज प्रत्यक्ष कोणाच्या हाताखाली शिकावयास मिळेल, हाही तितकाच महत्त्वाचा आहे. मध्यम पेढीत पक्षकाराशी व न्यायालयाशी लवकर संबंध येण्याची शक्यता अधिक, तर मोठ्या पेढीत विशेषीकरण व मोठ्या व्यवहारांचा अनुभव मिळण्याची. परंतु आकार कोणताही असो, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वीच मागितली पाहिजेत. ती मिळवून देण्याचे काम ओळखींच्या जाळ्यावर न सोडता विधी महाविद्यालयांनी स्वीकारणे अगत्याचे आहे. १९२३ मध्ये गुणवत्तेच्या आड जे जाळे आले, त्याचे अवशेष आजच्या विद्यार्थ्याच्या वाटेत राहू नयेत, ही जबाबदारी शिक्षकवर्गाचीही आहे.