नाव झिजलेला तांब्या

तुम्ही गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडातून नुकतेच वर आला आहात. अंगातली ऊब अजून उतरलेली नाही, केसांना गंधकाचा वास आहे. भीमेश्वराचं दर्शन झालं, नित्यानंदांच्या समाधीपुढे डोकं टेकून झालं. आता वज्रेश्वरीकडे निघायचं. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडलेली जुनी भांडी दिसतात आणि पाय थांबतात. तुमच्या वडिलांचे, अण्णांचेही असेच थांबायचे.

घरात स्टेनलेस स्टील आलं तेव्हा कुणालाच हळहळ वाटली नव्हती. पितळेला चिंच लावून घासा, वेळेवर कल्हई करून घ्या, नाहीतर आतलं ताक कळकतं. स्टीलला यातलं काहीच लागत नाही. घरचं पितळ मोडीत गेलं आणि त्यातच अण्णांच्या आजीचा तांब्याही गेला. त्यानंतर अण्णा बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जात राहिले. तांब्या दिसला की उचलायचे, तळ बघायचे, काठाखाली बोट फिरवायचे आणि परत ठेवायचे. ते गेल्यावर हा शोध तुमच्याकडे आला.

तुम्ही ढिगातून एक तांब्या उचलता. पोटाला पोचा आला आहे. आत कल्हईचा करडा थर कुठेकुठे उरला आहे. काठाखाली बोट फिरवता आणि ते अडखळतं. हातोडी आणि छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी घातलेली अक्षरं आहेत : ‘कै.’ मग राखेने आणि काथ्याने घासून गुळगुळीत झालेली जागा. मग ‘यांचे स्मरणार्थ’. आणि ‘१९६१’.

बोट त्यातल्या शेवटच्या एकावर ठेवा. डोळे मिटा.

पाऊस लागला आहे. आषाढातला, तानसा नदीचं पाणी गढूळ करणारा. मंदाकिनीचा डोंगर ढगात गेला आहे. वाट लाल चिखलाची आहे. नवे पैसे येऊन चार वर्षं झाली, तरी फुलवाली अजून आण्यांतच भाव सांगते आहे. ओसरीवर निथळत उभी असलेली माणसं हलक्या आवाजात पानशेतबद्दल बोलताहेत. १२ जुलैला धरण फुटलं, पुण्यातल्या पेठांमध्ये पाणी शिरलं. कुणाचं तरी कुणीतरी अजून सापडलेलं नाही.

दर्शनाच्या रांगेत फारसं कुणी बोलत नाही. आत लंगोटी नेसलेले, सावळे, मोजकंच बोलणारे नित्यानंद बाबा आहेत. ८ ऑगस्टला ते देह ठेवणार आहेत. हे या रांगेत फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि ते सांगावंसं वाटत नाही.

कारण तुमचं लक्ष कुंडाच्या पायरीवर गेलं आहे. तिथे दहा वर्षांचा एक मुलगा बसला आहे. पातळ मान, मोठे कान. ते कान तुम्ही ओळखता. शेवटच्या दिवसांत चष्म्याची काडी त्याच कानांमागे तुम्ही नीट बसवून दिली होती. मुलगा तांब्या बुडवतो, चटका बसतो, हात झटकतो आणि हसतो. त्याची आजी म्हणते, “हळू रे बाळा, पाणी कुठं पळून जातंय?”

तांब्या नवा आहे, पिवळाधमक. काठाखालची अक्षरं ताजी आहेत. नाव वाचायला तुम्ही वाकता, पण मुलाचा तळहात नेमका त्याच जागेवर आहे. तुम्ही त्याला हात काढायला सांगत नाही. तो तांब्या आजीच्या पायांवर ओततो, मग वर बघतो आणि पाण्यात यायला जागा हवी असेल म्हणून तुमच्यासाठी थोडा सरकून बसतो. अण्णा जन्मभर असेच सरकून जागा देत आले.

“घ्या, वजनावर आहे,” भांडीवाला म्हणतो.

तुम्ही परत आला आहात. हाच तो तांब्या का, हे सांगणारा आता कुणी नाही. त्या सालात असे कितीतरी तांबे घडले असतील, कितीतरी घरांतून दिवसकार्यानंतर वाटले गेले असतील. पण अण्णा शोधताना जे करायचे ते सगळं आज तुमच्या हातांनी न शिकवता केलं. इथलं गरम पाणीही कुठल्या ज्वालामुखीतून येत नाही. पावसाचंच पाणी, खडकाच्या भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि बऱ्याच काळाने वर येतं. वडीलही असेच येतात.

तुम्ही पैसे देता आणि तांब्या टॉवेलात गुंडाळता. घरी नेऊन त्यावर नवं नाव घालायचं नाही. ती झिजलेली जागा अण्णांना पुरेशी आहे.

ही गोष्ट वाचणाऱ्या तुमच्याही घरी माळ्यावर अशी भांडी असतील. मोडीत घालायच्या आधी एकेक उजेडात धरा, काठाखालची नावं मोठ्याने वाचा, आणि ती कुणाची हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर वहीत उतरवून ठेवा. मोडीच्या दुकानात पितळेचं वजन होतं, नावाचं होत नाही.