परदेशातील वैद्यकीय तपासणी : वजन, संकोच आणि गोपनीयता

नई सडक, जनकगंज, शिंदे की छावणी या भागांतील मराठी घरांतून आता दरवर्षी कोणी ना कोणी मुलांकडे परदेशी जाते. व्हिसा, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या यांची तयारी सगळे करतात. तेथील दवाखान्यात वजनकाट्यावर उभे राहताना जो संकोच वाटतो, त्याची तयारी मात्र कोणी करीत नाही. आमच्या घरी त्यातून काय झाले ते आधी सांगतो. सौ.च्या परवानगीनेच लिहीत आहे.

अमेरिकेत मुलीकडे असताना हिला सतत थकवा जाणवत होता. दवाखान्यात नर्सने येण्याजाण्याच्या वाटेवरच काट्यावर उभे केले आणि आकडा मोठ्याने वाचला, १७६. जावई शेजारीच उभे होते. आकडा पौंडांत होता, म्हणजे सुमारे ८० किलो, हे लक्षात यायच्या आतच ही खजील झाली. रक्ततपासणीसाठी पुन्हा बोलावले होते, तर "मला आता बरं वाटतंय" म्हणून गेलीच नाही. पाच महिन्यांनी ग्वाल्हेरला परतल्यावर रक्त तपासले, तेव्हा साखर बरीच वाढलेली निघाली. त्या एका आकड्याच्या लाजेपायी पाच महिने उपचाराविना गेले.

आकडा कसा वाचावा

अमेरिकेत वजन पौंडांत सांगतात. १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड. इंग्लंडमध्ये अजून 'स्टोन' चालतो, १ स्टोन म्हणजे सुमारे ६.३५ किलो. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की बीएमआय निघतो. उंची १.५५ मीटर आणि वजन ६२ किलो असेल तर बीएमआय २५.८ येतो.

पाश्चात्त्य मापाने २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ मध्ये या रेषा खाली आणल्या: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

यामागचे कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून समजते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली माणसे दिसायला बारीक असूनही आत चरबी बाळगून असतात. म्हणून परदेशी डॉक्टर "थोडेच जास्त आहे" म्हणाले तरी गाफील राहू नये, आणि आकडा मोठा आला म्हणून तोंडही लपवू नये. आपण भारतीय आहोत आणि घरात मधुमेह आहे, हे आपणहून सांगावे.

वजन करायला नाही म्हणता येते का?

साध्या भेटीत, विशेषतः अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये, बहुधा येते. भूल द्यायची असेल, औषधाची मात्रा वजनावर ठरत असेल, किंवा हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारात अंगावर पाणी साचते का हे पाहायचे असेल, तेव्हा मात्र वजन करू द्यावे. मधला मार्गही आहे. आकड्याकडे पाठ करून उभे राहावे आणि म्हणावे, "प्लीज, डोन्ट से द नंबर." आडोशाला वजन करा, असेही सांगता येते.

माहिती कोणाला कळते?

बँकेत आम्ही एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगत नसू, मग तो सख्खा मुलगा का असेना. अमेरिकेत रुग्णाच्या माहितीसाठी १९९६ चा 'हिपा' कायदा आहे. सज्ञान मुलालाही आईवडिलांच्या फाईलवर आपोआप हक्क मिळत नाही. मुलांना काय कळावे हे आपण ठरवावे आणि तसे आधी सांगावे.

जपानमध्ये नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी एक लक्षात ठेवावे. तेथे कंपनीने दरवर्षी तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिचे निकाल कंपनीकडे जातात. २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांची कंबरही मोजतात. पुरुषांची मर्यादा ८५, स्त्रियांची ९० सेंटिमीटर.

विम्याची गोष्ट वेगळी. तेथे विचारलेला जुना आजार लपवला तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो.

दुभाषी आणि सोबत

आईला अंगावरचे दुखणे मुलासमोर किंवा जावयासमोर सांगवत नाही. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णासाठी विनामूल्य दुभाषी द्यावा लागतो, बरेचदा तो फोनवर असतो. मराठी हवी असे भेटीची वेळ घेतानाच सांगावे. इंग्लंडमध्ये खाजगी अवयवांची तपासणी असेल तर सोबतीला तिसरी व्यक्ती हवी का, हे डॉक्टरांनी विचारायचे असते. स्त्री डॉक्टर मागण्यातही काही गैर नाही.

हा संकोच नवा नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयाला लिहिलेल्या अर्जात हेच मांडले होते. आपल्या देशातील बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला डॉक्टर व्हायचे आहे, असा त्याचा आशय होता. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

तेव्हा निघण्यापूर्वी येथेच वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर तपासून एका कागदावर लिहून न्यावे. आकडा आधीच माहीत असला की परक्या ठिकाणी तो ऐकून धक्का बसत नाही. आणि संकोच वाटला तर तो बोलून दाखवावा, पण तपासणी टाळू नये. आमची ही आता दर तीन महिन्यांनी साखर तपासते, आणि काट्यावर पाठमोरी उभी राहते.