उंबरठ्यापाशी अडलेली मैत्री

खालिद होसैनी यांच्या 'द काइट रनर' (२००३) मधला काबूलचा अमीर आणि फ्रेड उलमन यांच्या 'रियुनियन' (१९७१) मधला श्टुटगार्टचा कोनरादीन या दोघांनी जिवलग मित्राचा घात केला. वाचकाला त्यात भेकडपणा दिसतो आणि तो आहेच. पण दोघांच्याही अपराधाची मुळे त्या त्या शहराच्या रीतीत आहेत. कायद्याने माणसे समान झाली, तरी घरात कोणाला कुठवर येऊ द्यायचे हे जुन्याच हिशेबाने ठरत राहिले.

१८९१ ते १८९३ या काळात अफगाणिस्तानचा शासक अब्दुर रहमान खानाने हजारा या अल्पसंख्य समाजाचे बंड चिरडले आणि हजारो स्त्री-पुरुष गुलाम म्हणून विकले गेले. पुढचा शासक अमानुल्ला याच्या १९२३ च्या राज्यघटनेने गुलामगिरी संपवली, पण श्रीमंतांच्या घरची चाकरी हजारांच्याच वाट्याला राहिली. म्हणून 'द काइट रनर'मधला अमीरचा हजारा मित्र हसन बंगल्यामागच्या मातीच्या खोपटात राहतो, सकाळी अमीरचा नाश्ता तयार करतो, त्याच्या कपड्यांना इस्त्री करतो. अमीर शाळेत जातो. हसनला लहानपणी लिहिता-वाचता येत नाही. दोघे एकत्र वाढतात, पण घरी पाहुण्यांची मुले आली की अमीर हसनला खेळायला घेत नाही.

जर्मनीत १८७१ च्या साम्राज्यात ज्यूंना नागरिक म्हणून समान हक्क होते. 'रियुनियन'मध्ये १९३२ च्या श्टुटगार्टमधला ज्यू डॉक्टरचा मुलगा हान्स आणि सरदारपुत्र कोनरादीन एकाच वर्गात बसतात, नाणी जमवतात, कवितांवर वाद घालतात. मात्र कोनरादीन हान्सला घरी बोलावतो, ते आईवडील नसतानाच. ऑपेरागृहात आईवडिलांसोबत असताना तो हान्सला ओळखही देत नाही. एप्रिल १९३३ मध्ये शाळांतल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर कायद्यानेच मर्यादा घातली; कोनरादीनच्या घराचे दार त्याआधीच बंद होते.

यावर आक्षेप येईल की इतिहासावर बोट ठेवले की व्यक्ती सुटते. तसे होत नाही. गल्लीत हसनवर अत्याचार होत असताना अमीर मदतीला जात नाही आणि स्वतःची समजूत घालतो, ती हसन हजारा आहे याच आधारावर. ही सबब त्याला समाजाने दिली. ती वापरायची की नाही हे त्याच्या हातात होते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: हसन सावत्र भाऊ निघतो, तेव्हा हसनच्या मुलाला आपल्या घरी नेण्याचे अमीरचे प्रायश्चित्त मित्रासाठी न राहता रक्तासाठी होते. या खुलाशाने कादंबरीची धार थोडी बोथट होते, हे मान्य करावे लागते. पण पुढे अमेरिकेत सासरा हसनच्या मुलाच्या जातकुळीवर बोट ठेवतो, तेव्हा अमीर त्याला जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर गप्प करतो. कोनरादीन हिटलरच्या हत्येच्या कटात सापडतो आणि त्याला मृत्युदंड दिला जातो. ते मरण थोर आहे, पण हान्सला ते कळते अनेक वर्षांनी, शाळेच्या स्मृतियादीतून. शौर्य म्हणून कोनरादीन मोठा ठरेल. तरी मूळ अपराध घरातल्या माणसांसमोर मित्राला नाकारण्याचा होता आणि त्याची भरपाई त्याच जागी केली ती अमीरने.