उशिरा मिळालेला डाव : विजय हजारे यांची कसोटी कारकीर्द



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला बोलावले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. विषय कळवला तेव्हा काहींना आश्चर्य वाटले असेल. असीरगड, तापीचे घाट, कुंडी भंडारा आणि मुमताजमहलचा अंतकाळ पाहिलेला राजवाडा उशाशी असलेल्या बुऱ्हाणपुरात इतिहासाच्या व्याख्यानाला क्रिकेटचा विषय कशाला? याचे उत्तर गुरुजींच्या ओट्यावर आहे.

१९५२ चा जून महिना होता. उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस. मुंबईचे वर्तमानपत्र रेल्वेने येई आणि गुरुजींच्या ओट्यावर आम्ही पोरे ते वाचून घेत असू. लीड्सच्या कसोटीत भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि पहिल्या चौदा चेंडूंत, एकही धाव झालेली नसताना, चार गडी बाद झाले होते. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. तिघांना पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनने घेतले, एकाला बेडसरने. आम्ही हिरमुसलो. गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “शून्यावर चार हे सगळ्यांच्या लक्षात राहील. त्यानंतर कोणी काय केले, ते तुम्ही लक्षात ठेवा.”

त्या पडझडीत कर्णधार विजय हजारे यांनी ५६ धावा केल्या. दत्तू फडकर यांच्यासमवेत त्यांनी सहाव्या गड्यासाठी १०५ धावा जोडल्या. भारत १६५ पर्यंत पोहोचला आणि सामना हरला. गुरुजींचे ते वाक्य हाच आजच्या व्याख्यानाचा धागा आहे.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. आठ भावंडांचे कुटुंब. त्या काळी क्रिकेटवर पोट भरायचे तर संस्थानिकाचा आश्रय हवा. आपले बुऱ्हाणपूर इंग्रजी मुलखात होते. पण पश्चिमेचा निमाड होळकरांचा, आणि वर माळव्यात इंदूर, देवास, धार अशी मराठी संस्थाने पसरलेली. हजारे यांना देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा आश्रय मिळाला आणि ते मध्य भारत संघाकडून रणजी सामने खेळले. पुढे ते बडोद्याच्या पदरी गेले. फलंदाजी हा त्यांचा छंद होता, तशीच ती त्यांची चाकरीही होती. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना याच काळात लाभले. दोन्ही पॅडांमध्ये बॅट धरून उभे राहण्याची हजारे यांची ढब पुस्तकी नव्हती. ती बदलू नये, असा सल्ला ग्रिमेट यांनी दिला. शिकवणाऱ्यांनी केव्हा हात आवरावा, याचा हा उत्तम धडा आहे.

आता एक साधा हिशेब पाहा. ऑगस्ट १९३६ पासून जून १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. दुसऱ्या महायुद्धाने बहुतेक वर्षे गिळली. म्हणजे हजारे यांच्या वयाची एकविसावी ते एकतिसावी वर्षे, फलंदाजाच्या शरीराचा ऐन बहर, देशातल्या सामन्यांत गेली. त्या काळात त्यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या त्यांच्या होत्या. सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागी झाली, तीत त्यांचे बंधू विवेक यांचा वाटा होता अवघ्या २१ धावांचा. तरीही हिंदू संघ जिंकला. धर्मावरून संघ पाडणारी ती स्पर्धा १९४६ नंतर बंद झाली, हे बरेच झाले. मार्च १९४७ मध्ये बडोद्याला होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासमवेत त्यांनी ५७७ धावांची भागी रचली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. समोर सी. के. नायुडूंचा संघ होता. आमच्या भागातील मंडळींना तो पराभव फार झोंबला. ही भागी २००६ पर्यंत जागतिक विक्रम म्हणून टिकली.

लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळले तेव्हा हजारे एकतीस वर्षांचे होते. पुढच्या सात वर्षांत तीस कसोटी, २१९२ धावा, सात शतके, सरासरी ४७.६५. यांतील शिखर जानेवारी १९४८ चे अॅडिलेड. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८. भारताच्या पहिल्या डावात हजारे ११६. फॉलोऑननंतर लिंडवॉलने सात गडी टिपले, सहा भारतीय फलंदाजांना भोपळाही फोडता आला नाही. त्या २७७ धावांत हजारे यांच्या १४५ होत्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो. याच दौऱ्यात सिडनीला १३ धावांवर ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवणारे गोलंदाजही हजारेच होते.

नंतर कर्णधारपद आले. १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिल्लीला नाबाद १६४ आणि मुंबईला १५५ अशी सलग शतके त्यांनी केली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला विनू मंकड यांचे बारा बळी आणि पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांची शतके यांच्या बळावर भारताने एक डाव आणि ८ धावांनी पहिला कसोटी विजय मिळवला. त्यासाठी देशाला जवळजवळ वीस वर्षे वाट पाहावी लागली होती. त्या विजयात कर्णधाराचे शतक नाही, आणि हजारे यांच्या स्वभावाला ते शोभतेही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकच बाजू सांगू नये. चौदा कसोटींच्या नेतृत्वात एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. डावपेचांत ते फार सावध होते, ही टीका मला रास्त वाटते. नेतृत्वाने त्यांची फलंदाजी खाल्ली, हे मत मात्र मी अर्धेच मान्य करतो. इंग्लंडविरुद्धच्या दोन्ही मालिकांत ते उत्तम खेळले. वेस्ट इंडीजच्या १९५३ च्या दौऱ्यात धावा आटल्या, तेव्हा त्यांचे वय अडतीस झाले होते. तिथेच त्यांची कसोटी कारकीर्द संपली. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली, आणि १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव आज देशांतर्गत एकदिवसीय करंडकाला आहे. करंडकासाठी खेळणाऱ्या किती मुलांना अॅडिलेड ठाऊक असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

मित्रहो, सांगितलेल्या मोठ्या डावांत पराभवाचे डाव किती आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेल. आकड्यांच्या तक्त्यात न मिळालेल्या दहा वर्षांसाठी रकाना नसतो, आणि हरलेल्या सामन्यात एकट्याने पेललेल्या भारासाठीही नसतो. तो रकाना भरणे हे इतिहासाच्या शिक्षकाचे काम. या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या, स्वतःच्या नावाची पाटी कुठेही न लावणाऱ्या शिक्षकांचाही हिशेब असाच राहून जातो. गुरुजींनी त्या सुट्टीत आम्हाला शून्यावर चारच्या पुढे वाचायला लावले. त्यांच्या स्मरणार्थ आज मी एवढेच करू शकलो.