खांदेरीच्या रात्रीच्या होड्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपण नाशिककर पाणी मोजतो ते दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. कमरेला लागले, छातीला लागले, एवढ्यावरून गोदावरीचा पूर किती ते ठरते. समुद्राशी आपला संबंध फार तर सुट्टीपुरता. तरीही समुद्राची एक जुनी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात सांगितली जाते. परशुरामाने सारी पृथ्वी दान केली, मग स्वतःला राहायला जागा उरली नाही, म्हणून त्याने बागलाणातल्या साल्हेरवरून बाण सोडला. समुद्र मागे हटला आणि कोकण वर आले. साल्हेर म्हणजे सुमारे १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. त्याच्या अगदी टोकावर परशुरामाचे छोटेसे देऊळ आहे. तिथे उभे राहून पश्चिमेला पाहिले की समुद्र काही दिसत नाही, पण गोष्ट खरी वाटू लागते.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या जिल्ह्यात आनंद झाला तो साल्हेरचा. त्याच यादीत खांदेरीचेही नाव आहे. एक किल्ला ढगात, दुसरा लाटांत. मी इतिहासाचा शिक्षक. वर्गात साल्हेर शिकवताना मला कधी अडचण आली नाही. १६७२ साली मोगलांच्या मोठ्या फौजेला मराठ्यांनी उघड्या मैदानात हरवले, हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात. खांदेरी मात्र मी दोन ओळींत उरकत असे. याची थोडी लाज वाटली म्हणून मी थळला गेलो आणि एका होडीने बेटावर जाऊन आलो. आज बोलायचे आहे ते त्या दोन ओळींविषयी.

अलिबागच्या उत्तरेला थळ गाव आहे. थळसमोर दोन बेटे आहेत. जवळचे उंदेरी आणि त्याच्यापलीकडे, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर, खांदेरी. इंग्रज त्यांना ‘हेन्री’ आणि ‘केनेरी’ म्हणत. मुंबई बंदराचे तोंड इथून फार लांब नाही. दक्षिणेकडून मुंबईत शिरणारे प्रत्येक जहाज खांदेरीवरच्या माणसाला दिसते. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारी चाकर होता. आपली जहाजे तो पावसाळ्यात मुंबईला माझगावच्या आसऱ्याला ठेवत असे आणि पाऊस सरला की कोकणचा किनारा जाळत सुटत असे. इंग्रजांना हे आवडत होते असे नाही, पण मोगलांना दुखवून सुरतेचा व्यापार घालवायची त्यांची तयारी नव्हती.

महाराजांनी यावर दोन उपाय करून पाहिले होते. १६७२ मध्ये, म्हणजे साल्हेरच्याच वर्षी, खांदेरीवर बांधकाम सुरू केले. इंग्रजांची आणि सिद्दीची जहाजे येताच ते थांबवावे लागले. पुढे १६७८ च्या भर पावसाळ्यात दौलतखान आणि दर्यासारंग यांना चार हजार माणसे देऊन पनवेलला पाठवले. माझगावला जाऊन सिद्दीची जहाजे जाळायची, असा बेत होता. माणसे होती, धाडस होते, पण पलीकडे न्यायला पुरेशा होड्या मिळाल्या नाहीत आणि समुद्र खवळलेला. बेत तसाच राहिला. माझ्या मते खांदेरीची गोष्ट समजायला हा फसलेला बेत फार महत्त्वाचा आहे. समुद्रावर तलवारीच्या आधी होडी लागते, हे त्या पावसाळ्यात सगळ्यांना कळून चुकले असावे.

१६७९ च्या ऑगस्टअखेर काही शे माणसे सामानासह थळच्या किनाऱ्यावर आली. त्यांचा म्होरक्या मायनाक भंडारी. इंग्रजांच्या पत्रांत तो ‘माय नायक’ होऊन येतो. दिवस श्रावण-भाद्रपदाचे. कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात घालतात खरे, पण त्यानंतरही बरेच दिवस पाण्याची भरती-उसळी शहाण्या माणसाला किनाऱ्यावरच थांबवते. हा काळ मुद्दाम निवडलेला दिसतो. मोठी जहाजे अजून बंदरात विसावलेली असताना बेटावर पाय रोवायचा होता. सप्टेंबरच्या मध्याला मायनाक दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर होता आणि दगडाची कंबरेएवढी भिंत उठत होती. बेट मुंबईचे आहे, खाली करा, असा इंग्रजांचा निरोप गेला. धन्याच्या हुकुमाशिवाय मी हलणार नाही, असे त्याचे उत्तर आले.

आता बेटावर काय काय लागते, याचा विचार करा. दगड काही प्रमाणात तिथला. पण चुना, लाकूड, दाणागोटा, दारूगोळा, अवजारे, बदली माणसे, सगळे किनाऱ्यावरूनच यायचे. आणि मधल्या पाण्यात इंग्रजांची गलबते नांगर टाकून उभी. सगळी लढाई या चार-पाच किलोमीटरांची होती.

इंग्रजांनी सुरुवातीला तीन शिबाडे आणि चाळीस माणसे पाठवली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरायचा प्रयत्न केला. तो दारूच्या नशेत होता, अशी नोंद खुद्द इंग्रजांच्याच कागदांत आहे. वरून मारा झाला, थॉर्प ठार झाला, काहीजण मराठ्यांच्या हाती सापडले. मग मुंबईकरांनी हात सैल केला. ‘रिव्हेंज’ हे फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडे, दोन मचवे अशी आठ जहाजे आणि दोनशेच्या आसपास युरोपीय शिपाई खांदेरीभोवती राहिले. कॅप्टन विल्यम मिंचिन जहाजाचा प्रमुख, आणि शिपायांवर रिचर्ड केग्विन. हाच केग्विन पुढे १६८३ मध्ये कंपनीविरुद्ध बंड करून मुंबईचा ताबा घेऊन बसला. माणूस हिमतीचा होता यात शंका नाही.

तरीही होड्या जातच राहिल्या. कशा, ते थळच्या किनाऱ्यावर दोन दिवस काढल्यावर मला जरा उमगले. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो. दिवसा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो ते मतलई. परीक्षेपुरते दोन गुण. पण शिडाच्या होडीला ते दोन गुण नसतात, ती येण्याजाण्याची वाट असते. पाऊस ओसरू लागला की मध्यरात्रीनंतर मतलई सुटतो आणि किनाऱ्यावरून भरून निघालेली होडी बेटाकडे ढकलली जाते. दुसऱ्या दिवशी दुपारचा खारा वारा रिकामी होडी घरी आणतो. मोठ्या जहाजाला वाऱ्याची वाट पाहावी लागते. वारा पडला की ते जागच्या जागी डुलत राहते. गलबताला शीड आहे आणि शिवाय चाळीस-पन्नास वल्ही आहेत. त्याचा तळ उथळ, त्यामुळे ते खडकाळ, उथळ पाण्यातून किनाऱ्याच्या अंगाने सरकते, जिथे फ्रिगेट आले तर बुडच फाटेल. मुंबईहून गेलेल्या पत्रांत हीच तक्रार वारंवार येते: या बारीक होड्या आमच्या डोळ्यांदेखत निसटतात आणि आमच्याकडे त्यांच्या वेगाचे एकही जहाज नाही.

त्या एकेकट्या जात नसत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. एक होडी सापडली तर सगळा माल गेला. दहा-बारा निघाल्या तर पहारेकरी जहाज कोणाच्या मागे लागणार? आणि अंधारात उसळत्या पाण्यात एकीचे वल्हे मोडले, एकीत पाणी शिरले, तर शेजारची हाकेच्या अंतरावर असते. परत येताना मी आमच्या नाखव्याला विचारले, इंजिन नसताना, भादव्यातल्या रात्री, तुम्ही इथून गेला असता का? त्याने पाण्याकडे पाहिले आणि म्हणाला, “वारा बघून गेलो असतो गुरुजी. पन एकटा नाय.” आमची होडी यांत्रिक होती, दिवस स्वच्छ होता, तरी उंदेरीच्या पुढे गेल्यावर लाट आडवी लागू लागली आणि मी, चाळीस वर्षे इतिहास शिकवणारा माणूस, दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो. शत्रूच्या तोफा तर बाजूलाच राहिल्या.

१८ ऑक्टोबरची लढाई मात्र पुस्तकांत येते. त्या पहाटे दौलतखान चाळीस-पन्नास गलबते घेऊन नागावच्या खाडीतून निघाला. किनाऱ्याच्या सावलीतून वल्ही मारत, नाळेवरच्या तोफा झाडत हा थवा इतक्या वेगाने आला, की इंग्रजांच्या लहान जहाजांना नांगर उचलायलाही वेळ मिळाला नाही. ‘डोव्हर’ नावाच्या गुराबेने निशाण उतरवले. तिच्यावरच्या लोकांना कैद करून सागरगडावर नेण्यात आले. बाकीची जहाजे पळाली. ‘रिव्हेंज’ एकटे उरले आणि ते चांगले लढले. इंग्रजांच्या सांगण्याप्रमाणे त्याने पाच गलबते बुडवली आणि अखेर मराठी आरमार नागावच्या खाडीकडे वळले. आपल्याकडे या दिवसाचे वर्णन निर्भेळ विजय म्हणून केले जाते, इंग्रज लेखक मिंचिन-केग्विन यांचा विजय म्हणून करतात. मला दोन्ही पटत नाही. एका मोठ्या जहाजापुढे पन्नास लहान होड्यांचे काही चालत नाही, हे त्या दिवशी दिसले. आणि त्या लढाईच्या आगेमागे बेटावर रसद पोहोचत राहिली, हेही खरे. मग त्या जहाजाने मिळवले काय? ते पाण्यावर पहारा देत होते आणि भिंत तर वाढतच होती.

इकडे महाराजांनी जमिनीवरूनही दाब आणला होता. कल्याणच्या बाजूला सुमारे पाच हजार माणसे आली आणि ठाण्यावरून मुंबईवर उतरणार अशी हूल उठली. पोर्तुगीजांनी वाट दिली नाही, पण मुंबईकरांची झोप उडाली. सुरतेचे वरिष्ठ तर आधीपासूनच खर्चाने वैतागलेले होते. एका खडकापायी किती पैसे घालवायचे, हा त्यांचा व्यापारी प्रश्न होता. नोव्हेंबरअखेर सिद्दीचे आरमार मदतीला आले, तोफांचा मारा झाला, पण इंग्रजांना लवकरच दुसरी शंका आली: बेट पडले तर ते आपल्याला मिळणार की सिद्दीला? जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर स्वतःच बांधकाम सुरू केले तेव्हा या शंकेचे उत्तर मिळाले. त्याच महिन्यात इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला, त्यात तो जखमी झाला आणि उंदेरी सिद्दीकडेच राहिली. मार्चमध्ये इंग्रजांनी महाराजांशी तह केला. खांदेरी मराठ्यांची झाली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर गेले. म्हणजे हातातले जवळजवळ शेवटचे मोठे काम हेच.

आपल्या पांडवलेण्यांत, दहा क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने कोणाकोणाला काय दान दिले याची ती यादी. तिच्यात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहानुका या नद्यांवर लोकांसाठी फुकट तरी ठेवल्याचा उल्लेख येतो. पार आणि दमणगंगा तर आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरांत उगवतात. मी मुलांना तो लेख दाखवायला नेतो तेव्हा एखादा हमखास विचारतो, होडी चालवणाऱ्याचे नाव कुठे आहे? दान देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. वल्हे मारणाऱ्याचे नसते.

खांदेरीचेही तसेच झाले आहे. इंग्रजांच्या कागदांत थॉर्प, मिंचिन, केग्विन सापडतात, त्यांच्या दारूसकट. आपल्या बाजूने दौलतखान आणि मायनाक भंडारी एवढी नावे. कोळी, भंडारी, गाबीत, मुसलमान खलाशी, चुन्याच्या टोपल्या वाहणारे मजूर यांची मोजदाद शत्रूने केली तीही ‘इतक्या होड्या’ अशी. शत्रूनेच ती पत्रे लिहिली आणि सांभाळून ठेवली, म्हणून निदान होड्या तरी मोजता येतात.

पुढे आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईचा गव्हर्नर बून मोठे आरमार घेऊन खांदेरीवर आला आणि हात हलवत परत गेला. १८६७ मध्ये इंग्रजांनी तिथे दीपस्तंभ उभारला. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले. तटबंदी अजून बरीच शाबूत आहे, चाकांच्या गाड्यांवरच्या जुन्या तोफा आहेत, ठोकला की भांड्यासारखा वाजणारा एक दगड आहे. आमच्या बरोबरच्या मुलांना सगळ्यांत जास्त तोच आवडला. बेटावर वेताळाचे देऊळ आहे. आम्ही उतरलो तेव्हा धक्क्यापाशी दोन होड्या लागलेल्या होत्या. नवस फेडायला आलेले एक कोळी कुटुंब नारळ, हार आणि स्वयंपाकाची भांडी उतरवत होते. म्हातारीला दोघांनी हात धरून खडकावर घेतले. मागच्या होडीतला मुलगा ओरडून सांगत होता, लवकर करा, दुपारचा वारा सुटायच्या आत निघायचेय.