डोळ्यांचा रंग कोणी ठरवला?

श्रोतेहो, कापडावर लाकडी ठशांनी फुलं उठवणारा कारागीर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. आधी काळ्या रेघांचा ठसा, मग तांबड्याचा, मग पिवळ्याचा. एखादा ठसा जरा सरकला की रंग पाकळीबाहेर सांडतो. फूल मोठं असेल तर ते खपून जातं. पण फूल मोहरीएवढं असेल तर? मग फूल एकीकडे आणि रंग दुसरीकडे!

अमेरिकेत चित्रकथांची स्वस्त पुस्तकं छापणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण होती, आणि त्यांचं मोहरीएवढं फूल म्हणजे माणसाचा डोळा.

1938 साली सुपरमॅन प्रथम लोकांपुढे आला, त्या पुस्तकाची किंमत होती 10 सेंट. एवढ्या पैशांत उंची कागद कुठून आणणार? वर्तमानपत्राचा खरबरीत, शाई पिणारा कागद वापरीत. शाया चारच: पिवळी, किरमिजी, निळी आणि काळी. फिका रंग हवा असला तर शाई पातळ करीत नसत. तिचे बारीक ठिपके छापीत. ठिपक्यांमधला पांढरा कागद दिसला की डोळ्याला रंग फिका भासे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत पहिल्या तीन शायांच्या प्रत्येकी चार अवस्था असत: मुळीच नाही, फिकी, मध्यम आणि पूर्ण. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. पांढरा कागद धरून एवढीच काय ती रंगांची पुंजी!

आता डोळ्याकडे वळू. पानावर सहा-आठ चौकटी, चौकटीत दोन-तीन माणसं. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. त्यात बुबुळ ते केवढं! तिथे दोन-चार ठिपके मावले तरी पुष्कळ. त्यातून तपकिरी रंग करायचा म्हणजे पिवळी, किरमिजी आणि निळी अशा तिन्ही शाया एकाच जागी अचूक पडायला हव्यात. वेगानं फिरणाऱ्या यंत्रावर एखादा ठसा केसभर हलला की डोळ्याचा रंग गालावर! म्हणून रंग देणारे बहुधा डोळ्याच्या वाटेला जातच नसत. काळ्या रेघेचा एक ठिपका, बाजूला कोरा कागद, संपलं काम. चेहरा चौकटभर मोठा असला तरच बुबुळात रंग येई. आणि तिथे निळा सोयीचा, कारण त्याला एकच शाई पुरे. तेव्हा जुन्या पानावर डोळा काळा दिसला, म्हणून ते पात्र काळ्या डोळ्यांचंच, असं समजू नये.

छपाईनं एका पात्राचं सारं अंगच बदलल्याचंही उदाहरण आहे. 1962 साली हल्क नावाचा राक्षसी पुरुष करड्या रंगात अवतरला. पण करडा रंग पानोपानी वेगळाच उमटला. लेखक स्टॅन ली यांनीच ही हकिगत पुढे सांगितली. दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला.

पण मंडळी, सगळंच यंत्राच्या माथी मारू नये हं. इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेला वेताळ घ्या. मुखवट्याआड त्याची बुबुळं दिसतच नाहीत. ही छपाईची अडचण नव्हे. ग्रीक पुतळ्यांच्या बुबुळहीन डोळ्यांवरून ते सुचलं, असं त्याचे जनक ली फॉक सांगत.

आणि एक गोष्ट याहून गंभीर आहे. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन चित्रकथांत चिनी-जपानी माणसांची कातडी हळदीसारखी पिवळी छापलेली दिसते. तपकिरी बुबुळ तीळभर जागेत बसत नव्हतं, हे खरं. पण चेहऱ्याला जागा भरपूर होती आणि चौसष्टांतून निवड करणारा माणूसच होता. तो पिवळा रंग यंत्रानं लादला नव्हता, मनातल्या आकसानं निवडला होता.

1990 नंतर संगणकावर रंग भरणं रूढ झालं, कागदही सुधारला, आणि बुबुळात हवा तो रंग भरता येऊ लागला. तरी जुनं रंगीत छापील चित्र हाती आलं, तर गुरुजींनी आणि बाईंनी मुलांच्या हाती एक भिंग अवश्य द्यावं. मुलं ठिपके मोजतील, सरकलेला रंग शोधतील. मग त्यांना दोनच प्रश्न विचारा: यातलं साधनानं काय भाग पाडलं, आणि माणसानं आपण होऊन काय निवडलं? हे दोन प्रश्न वेगळे करता आले, म्हणजे इतिहास वाचायला सुरुवात झाली.